किल्मोडा हीच आपली दारुहळद का?

रानवाट: उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला एक काटेरी झुडूप पाहिलं, पिवळ्या फुलांचं. गावातल्या आजी म्हणाल्या, हा किल्मोडा, याची जांभळी फळं मुलं खातात. आयुर्वेदातली दारुहळद, म्हणजे बर्बेरिस अरिस्टाटा, ती हीच ना?

पानफूल: ताई, पानाची मागची बाजू पाहिलीत का? ती पांढरट असेल आणि शिरांची जाळी उठून दिसत असेल, तर बर्बेरिस एशियाटिका. अरिस्टाटाचं पान खालूनही हिरवं असतं. या झुडपाचे काटे म्हणजे रूपांतरित पानंच. त्यांच्या बगलेतून आखूड फांदी निघते आणि तिच्यावर पानांचा झुबका येतो. पुन्हा गेलात तर फुलातल्या पुंकेसराच्या तळाशी गवताची काडी लावा. पुंकेसर झटकन आत वळतो. दरवेळी बघताना हरखून जायला होतं!

रानवाट: फोटो पाहिले, पान खालून पांढरटच आहे. मग नातं काय दोघींचं?

पानफूल: सख्ख्या बहिणी. प्रजाती (जीनस) एकच, बर्बेरिस; जाती वेगळ्या. कुल बर्बेरिडेसी, गण रॅननक्युलेलीस. दोन्ही नावं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८२१ मध्ये प्रसिद्ध केली.

काष्ठौषधी: खरेदी करणाऱ्यांनी जपावं. दारुहळद म्हणून दक्षिणेत कॉसिनियम फेनेस्ट्रेटम या वेलीचं खोडही विकतात. ती गुळवेलीच्या कुलातली. बर्बेरिन या पिवळ्या रसायनामुळे लाकूड दोन्हींचं पिवळं, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका; वनस्पतीचं शास्त्रीय नाव विचारून घ्या.