काल गेटपाशी झालं त्याबद्दल (सोसायटी ग्रुप)

स्नेहल, बी-204: काल संध्याकाळी गेटपाशी आईंना बॅटरीवाल्या स्कूटीचा धक्का बसता बसता राहिला. मागून आलेली कळलीच नाही, आवाजच नाही तिला. चालवणारा आपल्याच बिल्डिंगमधला मुलगा. नाव घेत नाही.

सेक्रेटरी: आजी बऱ्या आहेत ना?

स्नेहल, बी-204: लागलं नाही. पण आज खाली फिरायला उतरल्या नाहीत.

संदीप, ए-501: वहिनी, नाव घ्या की, आमचाच आहे तो. संध्याकाळी त्याला घेऊन येतो आजींकडे. पण गाडी 25 च्या स्पीडची आहे. लायसन लागत नाही, नंबर लागत नाही. सरकारनेच सूट दिलीय.

प्रशांत, सी-103: 25? काय भो! परवा बोगद्याजवळ माझ्या पल्सरच्या पुढे निघून गेला तो.

कुलकर्णी काका, ए-102: संदीप, आरटीओत असताना हे उत्तर मी रोज ऐकायचो. सूट आहे, पण मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग 25 च्या आत, दोन्ही पाहिजे. दुकानदाराने कंट्रोलरची, म्हणजे मोटरचा वेग आवरणाऱ्या डब्याची, वायर काढून वेग वाढवून दिला की ते मोटार वाहन झालं. मग ती गाडी बिननंबरची, बिनविम्याची आणि वर मुलगा 14 वर्षांचा. कलम 199अ वाचा एकदा. पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 दंड आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

संदीप, ए-501: काका, क्लासला जाणारी निम्मी पोरं अशाच गाड्यांवर असतात. मग सरकारने आधीच विचार करायला नको होता?

कुलकर्णी काका, ए-102: विचार होतो, पण गाडी बाजारात यायच्या आधीचा. पुण्यात एआरएआयसारखी संस्था नमुना तपासते, प्रमाणपत्र देते. खासगी कार एकदा पासिंग झाली की 15 वर्षं आरटीओत पुन्हा यायचं कारण नाही. तुमची स्कूटी तर एकदाही येत नाही. मधल्या काळात गाडीच बदलली, तर बघणार कोण? बॅटऱ्यांचं उदाहरण घ्या. 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्या, व्हिडिओ सगळीकडे फिरले, आणि त्याच डिसेंबरपासून चाचण्या कडक झाल्या. एवढ्या झपाट्याने काम झालेलं मी नोकरीत फार वेळा पाहिलं नाही. कंट्रोलरच्या वायरीचा व्हिडिओ कोण काढतो?

स्नेहल, बी-204: आणि आवाजाचं काय? त्याला काहीच नियम नाही?

ओंकार, सी-402: ताई, अमेरिकेत कायदा 2010 ला झाला, नियम पक्के व्हायला 2016 उजाडलं. युरोपात 2019 पासून इलेक्ट्रिक कारच्या नवीन मॉडेलना कमी वेगात आवाज सक्तीचा आहे. वेग वाढला की टायरचाच आवाज येतो. आपल्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये मसुदा निघाला. कार, बस, ट्रकसाठी. दुचाकी नाही त्यात.

स्नेहल, बी-204: वा. म्हणजे आईंच्या मागून आली ती सोडून बाकी सगळ्या.

ओंकार, सी-402: काकांचा मुद्दा मोठ्या गाड्यांनाही लागू आहे. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत टेस्लाने 20 लाखांवर गाड्या रिकॉल केल्या, आणि एकही वर्कशॉपला गेली नाही. सगळं सॉफ्टवेअर अपडेटवर. म्हणजे पास झालेली गाडी आणि आज रस्त्यावर असलेली गाडी एकच असेल असं नाही. तिथल्या एनएचटीएसएने, म्हणजे रस्ते सुरक्षेच्या सरकारी खात्याने, 2021 मध्येच कंपन्यांना हुकूम काढला होता. अपघाताच्या आधीच्या 30 सेकंदांत ड्रायव्हर असिस्ट (स्टिअरिंग-ब्रेक स्वतः सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालू असेल, तर ठरावीक अपघात कळवायचेच. नियम काय करायचा ते नंतर ठरवू, आधी माहिती द्या. मला हे पटतं.

प्रशांत, सी-103: आपल्याकडे पण पोलिस ॲपवर अपघात भरतात ना?

कुलकर्णी काका, ए-102: भरतात. आयरॅड म्हणतात त्याला, आयआयटी मद्रासचं काम आहे. पण बिननंबरच्या स्कूटीत दुकानदाराने काय उचापत केलीय हे हवालदाराने रस्त्यावर उभं राहून ओळखायचं कसं?

सुरेखा मावशी, बी-101: मला तर ते दिवसा दिवे लावून फिरतात तेच कळत नाही. मी हात करून सांगते, बघतसुद्धा नाहीत मेले.

प्रशांत, सी-103: मावशी, 2017 पासून नवीन दुचाकीचा दिवा बंदच होत नाही.

कुलकर्णी काका, ए-102: मावशींनी बरी आठवण केली. दिवा लावा म्हणून दंड करत बसले नाहीत, बंद करायचं बटणच काढून टाकलं. कंट्रोलरचंही तसंच करायला हवं. सीलबंद, उघडला की गाडी बंद. पोराटोरांच्या मागे पोलिस पळवून काही व्हायचं नाही. संदीप, मोटरवरच्या पाटीचा फोटो टाका बरं.

संदीप, ए-501: खाली जाऊन बघितलं. पाटीवर 250 आहे.

कुलकर्णी काका, ए-102: आणि पळते किती?

संदीप, ए-501: आत्ता हायवेच्या सर्व्हिस रोडला नेऊन आलो. 43.

स्नेहल, बी-204: !!

संदीप, ए-501: दुकानदाराला फोन केला. म्हणतो, परत 25 वर आणली तर वॉरंटी जाईल.

कुलकर्णी काका, ए-102: हेच त्याला बिलावर लिहून द्यायला सांगा. लगेच जोडून देईल. तोवर किल्ली तुमच्याकडे ठेवा.