कुणी वाचू नये म्हणून लिहिलेले

नाशिकमध्ये १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, त्यामुळे वाचलेल्यावर बोलायला इथे माणसे सहज मिळतात. कुणीही वाचू नये म्हणून जे लिहिले जाते, त्याविषयी मात्र आपण घरातही बोलत नाही. दुःख, राग, लाज यांपैकी काही कागदावर उतरवताना स्वतःविषयी काय नव्याने कळले, एवढेच येथे सांगावे. मूळ मजकूर उघड करण्याची गरज नाही. सुरुवात मी करते.

पंचवटी

वडिलांचा दशक्रिया विधी रामकुंडावर झाला तेव्हा मी रडले नाही, आणि नातेवाइकांनी त्याला धीर म्हटले. तीन आठवड्यांनी एका रात्री त्यांना पत्र लिहायला बसले. ‘तीर्थरूप बाबांस’ या मायन्यानंतर आठवणी येतील असे वाटले होते, पण आली ती तक्रार: औषधे, डबे, जागरणे सगळी मी केली आणि बाबा शेवटपर्यंत पुण्याच्या दादाचीच वाट पाहत राहिले. स्वतःच्या अक्षरात ते वाचून मी वही मिटली. चौथ्या पत्रात मात्र ‘तुम्ही त्याची वाट पाहत होतात’ याच्या पुढे ‘माझी कशाला पाहाल, मी तर समोरच होते’ असे वाक्य आले. रडू आले ते त्या वाक्याला.

दिंडोरी तालुका

आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे, आणि माझी वही म्हणजे बागेचीच वही: तारीख, फवारणी, औषध, मजुरी. घडांत साखर भरत असताना गारपीट झाली. त्या तारखेपुढे मी ‘नुकसान’ एवढेच लिहिले आणि पुढची पाने महिनाभर कोरी राहिली. मग एका रात्री मजुरीच्या रकान्यात लिहिले गेले, ‘आजही बागेत गेलो नाही. लोकांनी विचारले तर काय सांगू?’ दुःख पिकाचे आहे असे मी समजत होतो; दोन-तीन पाने भरल्यावर ध्यानात आले की त्यात लाजेचा वाटा मोठा होता, कारण त्या वर्षी मी विमा काढला नव्हता आणि काढल्याचे घरी सांगितले होते. लिहिल्याने कर्ज फिटत नाही, हे आधीच सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीआधी बायकोपुढे विषय काढला, तर ती म्हणाली, “मला ठाऊक होतं. तुम्ही कधी सांगता तेवढंच पाहत होते.”

अंबड

मला उलट अनुभव आला. कारखान्यात माझ्या पाळीत सहकाऱ्याला अपघात झाला, त्यानंतर मी दोन महिने रोज रात्री तोच प्रसंग लिहीत होतो, त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच शब्दांत. झोप गेली. समुपदेशकांनी वही बंद करायला लावली आणि मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ सालच्या प्रयोगाविषयी सांगितले. त्यात विद्यार्थ्यांनी ओळीने चारच दिवस, रोज १५ मिनिटे लिहिले होते. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याझाल्या अधिक वाईट वाटले, पुढच्या महिन्यांत मात्र आरोग्यकेंद्रातल्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. मी लिहीत होतो ती घटना. मला काय वाटले, याची एकही ओळ त्यात नव्हती. आता लिहितो ते घड्याळ लावून. वही उत्तर देत नाही; रात्री जीव घाबरा झाला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर निदान माणूस बोलतो.

नाशिकरोड

मी निवृत्त शिक्षिका. आईविषयी रोजनिशीत लिहिलेली माझी वाक्ये शुद्ध होती, पण परक्या कुणाच्या आईविषयी लिहिल्यासारखी. एकदा ‘माझी आई’ऐवजी हातून ‘मनी माय’ असे उतरले. आम्ही सटाण्याकडचे, घरची बोली अहिराणी, जी नोकरीसाठी इकडे आल्यावर मी सोडली. त्या दोन शब्दांमागोमाग, इतकी वर्षे मनाआड केलेली गोष्टही आली: आई एकदा शाळेत आली असताना तिला मी हळूच म्हटले होते, “इथं फार बोलू नकोस.” ती बोलली नाही, त्यानंतर कधी शाळेत आलीही नाही. शुद्धलेखन तपासण्याची सवय इतकी मुरलेली की त्या दोन शब्दांखाली खूण करायला मी लाल पेन उघडले होते.