वीस किलोचं नाणं
बँक ऑफ इंग्लंड ही जगातली सर्वात जुनी मध्यवर्ती बँक असं कुणी म्हणतं, ते काही बरोबर नाही. ती १६९४ची, स्वीडनची रिक्सबँक १६६८ची.

पण खरी गंमत रिक्सबँकेच्या आधीच्या बँकेची. स्वीडनमध्ये तांबं मुबलक, म्हणून पैसाही तांब्याच्या पत्र्यांचा. १६४४ची दहा डालरची (डालर हे तिथलं तेव्हाचं चलन) पाटी जवळपास २० किलोची! खरेदीला जाताना पिशवी नको, हातगाडीच हवी. या ओझ्यावर उपाय म्हणून १६६१मध्ये पाल्मस्ट्रुक नावाच्या गृहस्थाने काढलेल्या स्टॉकहोम बँकेने कागदी नोटा काढल्या, युरोपातल्या पहिल्या. मग साहेबांनी तिजोरी न बघता त्या छापतच सुटावं? लोक पैसे परत मागायला आले आणि बँक बसली. पाल्मस्ट्रुकला आधी मृत्युदंड सुनावला, शेवटी तुरुंगावर भागलं. तिच्या जागी रिक्सबँक आली, आणि सुरुवातीला तिला नोटा काढायला चक्क बंदी होती.