बारटेंडर व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. वय २४. दोन वर्षं डेटा एंट्री करतोय, आता खुर्ची टोचायला लागलीय. बारटेंडर व्हायचं डोक्यात आहे. महिनाभर घरी रिकाम्या बाटल्या हवेत उडवायचा सराव केला, दोन फुटल्या. अनुभव शून्य. आधी कोर्स करू की थेट काम मागायला जाऊ? आणि मी स्वतः पीत नाही, ते आड येईल का?

बर्फवाली:
बाटल्या उडवणं आधी थांबवा. त्याला फ्लेअर म्हणतात. बघायला छान, पण गर्दीच्या रात्री त्याला ना जागा असते ना वेळ.

मी अकरा वर्षं काउंटरच्या आत उभी आहे. त्यातले पहिले आठ महिने बारबॅक होते, म्हणजे बर्फ भरा, ग्लास पुसा, लिंबं पिळा, बिअरचे केग (पिंपं) बदला. बाटलीला हात लावू देत नसत आणि मला जाम राग यायचा. एकदा घाईत स्कूप सापडेना म्हणून ग्लासनेच बर्फ काढायला गेले आणि कड टचकन उडाली. सीनियर एक शब्द बोलला नाही. अख्खा बर्फ काढून टाकला, भांडं गरम पाण्यानं धुतलं, पुसलं, परत भरलं. समोर गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि मी तोंड लपवत होते. बर्फात काचेचा तुकडा दिसत नाही हो! असलं काही कोर्समध्ये अंगात मुरत नाही, म्हणून माझं मत: बारबॅकचं काम मागा.

घरी सराव पाण्यानं करा. बाटलीला पोअरर, म्हणजे ओतायची तोटी, लावा, मनात आकडे मोजत ओता आणि मग जिगरनं, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्यानं, मापून बघा. चार आकड्यांत ६० मिली असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात, पण तुमचा ‘चार’ आणि माझा ‘चार’ सारखा नसतो. माझा तर घाबरले की पळायचा.

शंभर रेसिप्या घोकू नका, घराणी ओळखा. ६० मिली रम, साधारण २२ मिली लिंबाचा रस, तेवढाच साखरेचा पाक: झाली डायकिरी. रमच्या जागी व्हिस्की घाला, व्हिस्की सावर. टकिला घेऊन पाकाचं काम संत्र्याच्या लिकरवर, म्हणजे संत्र्याच्या चवीच्या गोड मद्यावर, सोपवा, मार्गारिटाच्या दारात पोचलात. नेग्रोनी त्याहून सोपी: जिन, कॅम्पारी (लाल, कडवट लिकर), गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), तिन्ही ३० मिली. रस, अंडं, साय असेल तर शेक, नुसती मद्यंच असतील तर बर्फात ढवळा. शेक केलं की हवा शिरते, पेय गढूळ होतं. आणि वितळलेलं पाणी हा पेयाचाच भाग आहे, त्यामुळे मऊ, ओला बर्फ घेतलात तर माप अचूक असूनही पेय पुचाट लागतं.

जुनाकाउंटर:
मी माणसं निवडतो. प्रमाणपत्र बघतो, पण त्यावर ठरवत नाही. विचारतो, ‘उघडलेली व्हर्मूथ कुठे ठेवाल?’ बरेच जण म्हणतात, शेल्फवर. ती वाइनपासून बनते, फ्रिजमध्येच ठेवायची. दुसरा प्रश्न: एखाद्याला जास्त झालीय आणि तो अजून मागतोय, काय कराल? इथे ‘मॅनेजरला बोलवेन’ एवढंच सांगणारा मला चालत नाही. आधी पाण्याचा ग्लास पुढे सरकवावा, आवाज खाली ठेवावा आणि चारचौघांत त्याचा पाणउतारा न करता नाही म्हणावं. काउंटरमागे काम करायला तुमच्या भागात किमान वय काय आणि परवाना लागतो का, तेही पाहून ठेवा.

रात्रपाळी:
डोळे उघडले. पण न पिण्याचं राहिलं.

बर्फवाली:
हो की, विसरलेच. न पिणं चालतं, न चाखणं अवघड. आम्ही स्ट्रॉचं टोक पेयात बुडवतो, वरून बोट दाबतो आणि तेवढा थेंब जिभेवर घेतो. हवं तर थुंका. तेही नको असेल तर वासावर आणि मापावर काम निभवता येतं, पण रोज लिंबाचा आंबटपणा बदलतो, तिथे अडाल. ज्यांची दारू कष्टानं सुटलीय त्यांना मात्र मी हे काम सुचवणार नाही.

रात्रपाळी:
चाखायला हरकत नाही. उद्याच विचारायला जातो. संध्याकाळी आठ वाजता ठीक?

बर्फवाली:
आठला गेलात तर कोणी मान वर करून बघणार नाही! बार उघडायच्या तासभर आधी जा, तेव्हा सगळे लिंबं कापत असतात. बूट न घसरणारे घाला, कदाचित त्याच दिवशी उभं करतील.