मदत हवी आहे: ४ टीबीची हार्ड डिस्क ४६५ जीबी 'रॉ' दाखवतेय, आतला डेटा कसा वाचवावा?

नमस्कार मंडळी,

तीन दिवस धड झोप नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. जरा लांबलचक लिहितेय, कारण मी काय काय केलं ते सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

माझ्याकडे ४ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. टेबलावर ठेवायची मोठी, वेगळा पॉवर अ‍ॅडॅप्टर लागणारी. बरीच वर्षं वापरात आहे. घरचे सगळे फोटो तिच्यावर आहेतच, पण जीव अडकलाय तो 'बाबा' नावाच्या फोल्डरमध्ये. शेवटच्या दोन वर्षांत बाबा टेपरेकॉर्डर समोर ठेवून आठवणी सांगत बसायचे. एकूण ३१ कॅसेट झाल्या. त्या मी एकेक करून संगणकावर उतरवल्या, प्रत्येकीला तारीख आणि विषय लिहून नाव दिलं. पुढे कॅसेटना बुरशी धरली तेव्हा डिस्कवर आहेतच म्हणून टाकून दिल्या. दुसरी प्रत नाही. चूक माझीच आहे, त्यावर कृपया चर्चा नको.

झालं असं. डिस्कच्या मागची यूएसबीची खोबण कधीपासून सैल झाली होती. केबल हलली की डिस्क गायब व्हायची. परवा ती दिसेचना. अ‍ॅडॅप्टर लावल्यावर फिरण्याचा आवाज नेहमीसारखा येत होता, टकटक वगैरे काही नाही. म्हणून बाहेरचं प्लास्टिकचं कवच उघडलं, आतली हार्ड डिस्क काढली आणि साटा केबलने थेट डेस्कटॉपच्या मदरबोर्डला जोडली. विंडोजला ती लगेच दिसली. इतका आनंद झाला, आणि पुढच्याच क्षणी खिडकी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मी 'नको' दाबलं.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये आता हे दिसतंय:

४६५.७५ जीबी, रॉ
१५८२.२५ जीबी, अनअलोकेटेड (कुठल्याच पार्टिशनला न दिलेली जागा)
१६७८.०२ जीबी, अनअलोकेटेड

आधी या डिस्कवर एकच पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग) होतं, ३७२६ जीबीचं. हा ४६५ चा आकडा आला कुठून?

नंतर मी केलेल्या गोष्टी: एक, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणारं साधन) चालवलं. रॉ ड्राइव्हवर चालत नाही असं सांगून ते लगेच बंद पडलं. दोन, एक रिकव्हरी प्रोग्रॅम उतरवून त्या रॉ पार्टिशनवर स्कॅन लावलं. बऱ्याच तासांनी काही हजार फोटो आले, सगळे नुसत्या क्रमांकांच्या नावाने. बाबांची एकही फाईल नाही. डिस्कवर मी काहीही लिहिलेलं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) पिवळा 'कॉशन' दाखवतंय, सी५ (वाचता न येणारे सेक्टर) पुढे ८ हा आकडा आहे, ०५ (बदललेले सेक्टर) पुढे शून्य.

पार्टिशन खराब झालंय की डिस्कच गेली? पुढे काय करू?

प्रतिसाद १

ताई, सोपं आहे. क्विक फॉरमॅट मारा. त्यात डेटा पुसला जात नाही, नुसती यादी जाते. मग रिकव्हरी चालवा. मी पेन ड्राइव्हवर दोनदा केलंय.

प्रतिसाद २

कृपया फॉरमॅट करू नका! वरच्या सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे, पण इथे तो घातक ठरेल. क्विक फॉरमॅट जुन्या फाईली पुसत नाही हे खरं, तरी नवा बूट सेक्टर (पार्टिशनच्या सुरुवातीची नोंद) आणि नवा एमएफटी (फाईलींची यादी) लिहितोच. तेही या चुकीच्या ४६५ जीबीच्या हद्दीत. तो तुमच्या कुठल्या फाईलच्या डोक्यावर जाऊन बसेल सांगता येत नाही.

आता तुमच्या आकड्याबद्दल. ३७२६.०२ ला आठने भागून बघा.

धागाकर्ती

४६५.७५! म्हणजे? बरोबर आठवा हिस्सा कसा काय?

प्रतिसाद २

म्हणजे बहुधा तुमचं पार्टिशन जागेवर शाबूत आहे, फक्त विंडोज ते चुकीच्या पट्टीने मोजतंय.

जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन टेबलमध्ये (पार्टिशनच्या नोंदींच्या तक्त्यात) सुरुवात आणि लांबी बाइटमध्ये नाही, सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांत) लिहिलेली असते, आणि त्या आकड्याला ३२ बिटच जागा असते. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर २ टीबीच्या पुढे जाताच येत नाही. ३२ बिट विंडोज एक्सपीला जीपीटी ही नवी पद्धत वाचता येत नसे, त्यामुळे त्या काळात मोठ्या एक्स्टर्नल डिस्क विकताना एक युक्ती केली गेली. कवचाच्या आत यूएसबी आणि साटा यांच्या मध्ये जी छोटी सर्किटची पट्टी असते, ती संगणकाला सांगते की या डिस्कचा सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. आठपट मोठा सेक्टर, म्हणून मर्यादाही आठपट, १६ टीबी.

तुम्ही ती पट्टी मधून काढून टाकलीत. आता डिस्क स्वतःचं खरं सांगतेय, ५१२. टेबलमधला सेक्टरांचा आकडा तोच राहिला, पण प्रत्येक सेक्टर आठपट लहान धरला गेला. लांबी आठवा हिस्सा झाली आणि सुरुवातही चुकली, म्हणून विंडोजला तिथे फाइल सिस्टिम (फाईली ठेवण्याची मांडणी) सापडत नाही आणि ते 'रॉ' म्हणतं. तुमच्या प्रोग्रॅमनेसुद्धा त्या रॉ पार्टिशनवरच, म्हणजे डिस्कचा पहिला आठवा भागच चाळला. बाबांच्या फाईली पुढे असणार.

खात्री करायला एक गोष्ट बघा. यात काही लिहिलं जात नाही. एचएक्सडी हा हेक्स एडिटर घ्या, अख्खी डिस्क उघडा (पार्टिशन नव्हे), 'रीड-ओन्ली'ची खूण तशीच राहू द्या आणि सेक्टर २०४८ वर जा. पहिल्या ओळीत काय दिसतं ते इथे लिहा. आणि ती सर्किटची पट्टी टाकून दिली नाहीत ना? काही कवचांमधली पट्टी डेटा एन्क्रिप्टसुद्धा करते. तसं असेल तर तिच्याशिवाय काहीच वाचता येणार नाही.

धागाकर्ती

पट्टी आहे, कवचासकट खोक्यात ठेवलीय.

सेक्टर २०४८ ची पहिली ओळ: ईबी ५२ ९०, मग ४ई ५४ ४६ ५३, मग चार वेळा २०, मग ०० १० ०८. उजवीकडच्या रकान्यात 'एनटीएफएस' अशी चार अक्षरं स्पष्ट दिसतात. हात थरथरत होते वाचताना. हे चांगलं लक्षण आहे ना?

प्रतिसाद २

अगदी हवं होतं तेच. एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम. अक्षरं वाचता येतात म्हणजे एन्क्रिप्शन नाही, नाहीतर तिथे नुसता गोंधळ दिसला असता. हा तुमच्या पार्टिशनचा बूट सेक्टर. चार वेळा २० नंतरचे ०० १० उलट क्रमाने वाचायचे: हेक्समध्ये १०००, म्हणजे ४०९६. नेहमीच्या पार्टिशनवर तिथे ०० ०२, म्हणजे ५१२ असतं. टेबलमध्ये सुरुवात २५६ लिहिलेली असणार. २५६ गुणिले ८, २०४८.

प्रतिसाद ३

मधेच बोलतो. सी५ कडे दुर्लक्ष करू नका. ८ म्हणजे ५१२ बाइटचे आठ सेक्टर, बहुतेक डिस्कवरचा एकच ४०९६ बाइटचा तुकडा वाचता येत नाहीये. एवढ्याने डिस्क गेली असं नाही, पण ती बिघडायला लागली असेल तर प्रत्येक स्कॅनमागे धोका वाढतो. आता तिच्यावर आणखी प्रयोग बंद. आधी पूर्ण इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, एका फाईलमध्ये) घ्या, मग जे काय करायचं ते इमेजवर.

लिनक्सची लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून डीडीरेस्क्यू चालवा. साध्या कॉपीपेक्षा ते चांगलं, कारण खराब जागा आली की अडून बसत नाही. ती सोडून पुढचं आधी वाचून घेतं आणि शेवटी मागे येऊन पुन्हा प्रयत्न करतं. मॅपफाईल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) न विसरता द्या, म्हणजे मधे वीज गेली तरी राहिलेल्या जागेपासून सुरू करता येतं. इमेज ठेवायला ४ टीबीहून मोठी डिस्क लागेल. ४ टीबीची फाईल ४ टीबीच्या फॉरमॅट केलेल्या डिस्कवर मावत नाही, मी एकदा अख्खी रात्र घालवून हे शिकलो. आणि कमांड देताना कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी ते सीरियल नंबरवरून दोनदा तपासा. उलट झालं तर सगळं संपलं.

प्रतिसाद २

पूर्ण सहमत. इमेज झाली की लॉसेटअपने (इमेज डिस्कसारखी जोडणारी लिनक्सची कमांड) ती जोडा: रीड-ओन्ली, सेक्टर साइझ ४०९६, आणि पार्टिशन टेबल वाचण्याचा पर्याय चालू. पार्टिशन आपोआप उभं राहील, तेही रीड-ओन्लीच माउंट करा. विंडोजवरच काम करायचं असेल तर इमेज टेस्टडिस्कमध्ये (हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम) उघडा, जॉमेट्रीमध्ये सेक्टर साइझ ४०९६ करा, शोध घेऊन पार्टिशन सापडलं की 'पी' दाबून फाईलींची यादी बघा आणि तिथूनच कॉपी करा. टेस्टडिस्कमधल्या 'राईट'ला मात्र हात लावू नका. दुरुस्त करण्यासारखं काही मोडलेलंच नाही.

कवचाची खोबण नव्याने डाख देऊन बसवून घेतली तरी डिस्क पूर्वीसारखी दिसली असती. पण सी५ बघता आधी इमेजच.

धागाकर्ती

उशीर झाला, क्षमस्व. ६ टीबीची नवी डिस्क आणली. सीरियल नंबर कागदावर लिहून भिंतीला चिकटवले, मग कमांड दिली. पहिल्या फेरीला नऊ तास लागले. बाकीचं सगळं वाचलं गेलं, राहिले फक्त ४०९६ बाइट. तीन वेळा पुन्हा प्रयत्न करूनही तेवढे आले नाहीत, म्हणजे तो एकच तुकडा, तुम्ही म्हणालात तसाच.

इमेज लॉसेटअपने जोडली. ३७२६ जीबीचं पार्टिशन, सगळे फोल्डर, मराठी नावांसकट. 'बाबा' उघडलं आणि आधी फाईली मोजल्या. ३१.

त्या सगळ्यांच्या आता दोन प्रती केल्या आहेत, एक बहिणीकडे जाईल. एक शंका उरली: न वाचलेला तो तुकडा कोणत्या फाईलमध्ये येतो हे शोधता येतं का? सगळी रेकॉर्डिंग अथपासून इतिपर्यंत ऐकायची तर आहेतच, पण आधी कळलं तर बरं.

प्रतिसाद ३

येतं. मॅपफाईलमध्ये त्या जागेचा बाइटमधला पत्ता हेक्समध्ये लिहिलेला आहे. तो साध्या आकड्यात करून त्यातून १०४८५७६ (पार्टिशनची सुरुवात, बाइटमध्ये) वजा करा, ३२७६८ ने भागा, येईल तो क्लस्टर (फाईलला जागा देण्याचा गठ्ठा) क्रमांक. तुमच्या ओळीत ०० १० नंतर ०८ आलं आहे: ते ०८ म्हणजे एका क्लस्टरमध्ये आठ सेक्टर, तेव्हा क्लस्टर ३२७६८ बाइटचा. मग तो क्रमांक लिनक्सच्या एनटीएफएसक्लस्टर या कमांडला द्या, फाईलचं नाव सांगेल.

धागाकर्ती

सापडलं. एका सहलीचा व्हिडिओ आहे, चालतो, मधे क्षणभर चित्र तुटतं. बाबांच्या फाईली सगळ्या बाहेर आहेत. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. पहिली कॅसेट आज रात्री लावतेय.