मैत्रिणीच्या लग्नाआधीचा वीकेंड : नऊ जणी, एक अनोळखी शहर आणि खाण्याचा बेत

चकोरी :

नमस्कार. माझ्या जवळच्या मैत्रिणीचे लग्न काही महिन्यांवर आले आहे आणि तिच्या बॅचलरेट वीकेंडची आखणी माझ्याकडे सोपवण्यात आली आहे. शुक्रवारी संध्याकाळी एका मोठ्या शहरात पोहोचायचे आणि रविवारी दुपारनंतर परतायचे, इतकेच सध्या निश्चित आहे. डोक्यावर मुकुट आणि खांद्यावर पट्टा घालून आपल्याला रस्त्यावरून मिरवायचे नाही, असे नवरीने आधीच बजावले आहे. तिला नवनवे पदार्थ खायचे आहेत, मनसोक्त हसायचे आहे आणि लग्नाच्या धावपळीआधी सगळ्यांबरोबर निवांत वेळ घालवायचा आहे.

आम्ही एकूण नऊ जणी आहोत. तिघी शाळेपासूनच्या, चौघी नोकरीच्या ठिकाणच्या, एक नवरी आणि एक तिची होणारी नणंद. शाळेच्या मैत्रिणी आणि ऑफिसच्या मैत्रिणी एकमेकींना फक्त नावाने ओळखतात. नणंद तर नवरीखेरीज कोणालाच ओळखत नाही. एक जण पूर्ण शाकाहारी आहे, एक गरोदर आहे, एकीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे आणि दोघी मद्य घेत नाहीत. सर्वांत धाकटी अजून शिकत असल्यामुळे तिच्या खिशाचाही विचार करावा लागणार आहे.

शनिवारसाठी मी तयार केलेला कच्चा आराखडा असा : सकाळी नावाजलेल्या ठिकाणी नाश्ता, मग वाटाड्याबरोबर खाद्यभ्रमंती, दुपारी जेवण, चार वाजता चहा आणि केक, सूर्यास्ताच्या वेळी गच्चीवरच्या बारमध्ये पेये आणि रात्री उत्तम रेस्टॉरंटमध्ये जेवण. एवढे सगळे एका दिवसात बसेल का, खर्चाची विभागणी कशी करावी, आणि वेगवेगळ्या पथ्यांच्या नऊ जणींना एका टेबलावर सुखाने कसे जेवू घालावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

अर्धविराम :

चकोरीताई, तुमचा शनिवार वाचतानाच पोट भरले. सकाळपासून रात्रीपर्यंत सहा वेळा खाण्यापिण्यासाठी थांबायचे ठरवले, तर चौथ्या थांब्यापासून सगळ्या जणी केवळ आरक्षण केले आहे म्हणून खात राहतील, आणि ज्या रात्रीच्या जेवणासाठी एवढा आटापिटा केला तेच नकोसे होईल. माझ्या मते दिवसाला खाण्याचा एकच मुख्य प्रसंग असावा आणि बाकीचे सगळे त्याच्या मागेपुढे हलके ठेवावे.

यामागे शरीराचा एक साधा स्वभाव आहे. एखादी चव खात राहिलो की तिची गोडी उतरत जाते, परंतु वेगळ्या चवीची इच्छा बरीचशी शाबूत राहते. भरपेट जेवणानंतरही गोडाला जागा निघते ती त्यामुळेच. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रयोगांच्या आधारे हे मांडले होते. म्हणून एका ठिकाणी भरलेले ताट संपवण्यापेक्षा खाद्यभ्रमंतीतले चार घास इथे आणि दोन घास तिथे हा प्रकार खवय्या मंडळींना अधिक आनंद देतो. मात्र ती भ्रमंती हेच दुपारचे जेवण समजावे. तिच्यानंतर पुन्हा टेबलावर बसू नये. सकाळचा नावाजलेला नाश्ता काढून टाका आणि मुक्कामाच्या ठिकाणीच फळे, चहा-कॉफी आणि थोडेसे काही खाऊन निघा. दुपारचा चहा-केक तर निःसंकोच रद्द करा आणि ते दोन-तीन तास मोकळे सोडा. कोणी झोपेल, कोणी खरेदीला जाईल, आणि गरोदर मैत्रीण पाय वर घेऊन पडेल, ज्याची तिला तुमच्या सर्वांपेक्षा जास्त गरज असेल. शुक्रवारी प्रत्येकीच्या पोहोचण्याची वेळ वेगळी असणार, तेव्हा त्या रात्री कुठेही टेबल राखून ठेवू नका; खोलीवरच काहीतरी मागवा. एकीची गाडी उशिरा आली म्हणून आठ जणींनी रेस्टॉरंटच्या दारात ताटकळत उभे राहणे ही सहलीची चांगली सुरुवात नव्हे.

आता अनोळखी मैत्रिणींचा प्रश्न. तुमच्या गटात एकमेकींना न ओळखणाऱ्या इतक्या जणी असतील, तर खाद्यभ्रमंतीऐवजी एकत्र स्वयंपाक करण्याचा वर्ग घेण्याचाही विचार करा. रस्त्याने चालताना माणसे जोडीजोडीने चालतात आणि साहजिकच आपल्या ओळखीची जोडीदार निवडतात. ओट्याशी मात्र कणीक कोणी मळायची आणि चिरायचे कोणी, हे शिकवणारी व्यक्ती ठरवते. हात कामात असल्यामुळे मधली शांतता बोचत नाही आणि एखादीचा पदार्थ फसला की हसायला निमित्तही मिळते. असे वर्ग साधारणपणे दोन-तीन तास चालतात आणि शेवटी केलेले पदार्थच जेवायचे असतात, त्यामुळे दुपारचे जेवणही त्यातच उरकते. भ्रमंती किंवा वर्ग यांपैकी एकच निवडा. मी तुमच्या जागी असते तर वर्ग निवडला असता.

रात्रीच्या जेवणाला शक्य असेल तर गोल टेबल मागा. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार गप्पांचा एक गट साधारण चार जणांपर्यंत टिकतो आणि त्याहून माणसे वाढली की तो आपोआप फुटतो. नऊ जणींच्या टेबलावर दोन-तीन वेगळ्या गप्पा चालणारच. ते तुमचे अपयश मानू नका. टेबल लांबट असेल तर नवरीला टोकाला न बसवता लांब बाजूच्या मध्यावर बसवा आणि गोडाच्या आधी सगळ्यांना जागा बदलायला सांगा. नणंदेला पूर्णवेळ नवरीच्या शेजारी बसवण्याचा मोह टाळा. तसे केले तर नवरीचे लक्ष तिची सरबराई करण्यातच अडकेल. तिच्या शेजारी तुमच्यातली सर्वांत बोलकी मैत्रीण असू द्या.

तराजू :

खाण्याबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त पैशांविषयी लिहितो. माझ्या बायकोने आणि बहिणीने अशा सहलींचे हिशेब सांभाळलेले मी जवळून पाहिले आहेत, आणि रुसवेफुगवे झाले ते प्रत्येक वेळी खर्चाच्या आकड्यापेक्षा तो उशिरा कळल्यामुळेच.

पहिली गोष्ट म्हणजे सामायिक गटात 'सगळ्यांना चालेल ना?' असे विचारू नका, कारण तिथे कोणीही नाही म्हणत नाही. प्रत्येकीला स्वतंत्रपणे विचारा की प्रवास, मुक्काम आणि खाणे धरून तिला जास्तीत जास्त किती खर्च परवडेल. जो सर्वांत कमी आकडा येईल तो धरून मूळ बेत आखा आणि तो कोणाचा आहे हे कोणालाही सांगू नका. मालिश, गच्चीवरचा बार किंवा महागडी खोली अशा गोष्टी ऐच्छिक ठेवा आणि त्यांची वेळ दुपारच्या मोकळ्या तासांत बसवा, म्हणजे न येणारीला गट सोडून गेल्यासारखे वाटणार नाही.

दुसरी गोष्ट, रेस्टॉरंटचे बिल नऊने भागण्याची पद्धत दिसायला सुटसुटीत असली तरी न्याय्य नाही. उरी ग्नीझी, एर्नान हारुवी आणि हदास याफे यांनी सहा-सहा जणांच्या टेबलांवर केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आपापले पैसे द्यायचे होते त्यांच्यापेक्षा बिल समान वाटून घेणाऱ्यांनी जास्त किमतीचे पदार्थ मागवले, आणि ज्यांना सगळे फुकट होते त्यांनी तर सर्वांत जास्त. गंमत म्हणजे आधी विचारले असता बहुसंख्य लोकांनी आपापले पैसे देणेच पसंत केले होते. तुमच्या गटात मद्य न घेणाऱ्या दोघी, गरोदर मैत्रीण आणि विद्यार्थिनी यांनी इतरांच्या पेयांचा भार उचलावा, हे मला पटत नाही. म्हणून ठरावीक पदार्थांचे जेवण वर्गणीतून करावे आणि पेयांच्या बाबतीत सरळ टीटीएमएम असावे. पेयांचे बिल वेगळे करून मिळेल का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्या. जेवण संपल्यावर विचारले तर वेटरही वैतागतो आणि टेबलही.

मोठ्या गटांसाठी अनेक रेस्टॉरंटचे नियम वेगळे असतात. आगाऊ रक्कम, ठरावीक मेन्यू, टेबल किती वेळ मिळणार आणि बाहेरचा केक चालतो की त्याचे वेगळे शुल्क पडते, या गोष्टी लेखी मागवा. नवरीचा वाटा बाकीच्या आठ जणींनी उचलायचा असेल तर तेही पहिल्याच निरोपात आकड्यासकट लिहा. ऐनवेळी कोणी गळाले तर मुक्कामाचा वाटा परत मिळणार नाही आणि न वापरलेल्या जेवणाचा मिळेल, असा काही नियम आधीच जाहीर करावा. नंतर केलेला नियम हा ज्याच्यासाठी केला त्याला शिक्षेसारखाच वाटतो.

पाणवठा :

पथ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण एकाच टेबलावरच्या या चार गरजा सारख्या गंभीर नाहीत. शाकाहारी मैत्रिणीची गैरसोय झाली तर ती उपाशी राहील, पण शेंगदाण्याच्या ॲलर्जीत हयगय झाली तर जिवावर बेतू शकते. आरक्षण करताना एकदा आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा एकदा वेटरला स्पष्ट सांगा. शेंगदाणा फक्त पदार्थात असतो असे नाही, तो सॉसमध्ये, तळणीच्या तेलात आणि गोड पदार्थांच्या भुकटीतही असतो. 'आम्ही दाणे काढून देऊ' असे उत्तर मिळाले तर तो पदार्थ घेऊ नका. तिला डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिलेले असेल तर ते तिच्या खांद्यावरच्या पिशवीत असले पाहिजे, खोलीवरच्या बॅगेत नव्हे, आणि ते कसे वापरायचे हे आणखी किमान दोघींना माहीत असले पाहिजे. खाद्यभ्रमंतीत प्रत्येक थांब्याचे स्वयंपाकघर वेगळे असते. त्यामुळे या एका कारणासाठीही मी अर्धविराम यांच्या स्वयंपाकवर्गाच्या बाजूने मत देईन, कारण तिथे सर्व साहित्य आधी तपासता येते.

गरोदर मैत्रिणीने कच्चे मासे, अर्धवट शिजलेले मांस, कच्चे अंडे घातलेले गोड पदार्थ आणि पाश्चराइज न केलेल्या दुधाचे मऊ चीज टाळावे. अशा चीजमध्ये आढळू शकणारा लिस्टेरिया हा जिवाणू फ्रीजच्या तापमानालाही वाढतो, म्हणून 'थंडच होते' हे सुरक्षिततेचे प्रमाण मानता येत नाही. मद्य तर तिच्यासाठी पूर्ण वर्ज्यच. शुक्रवारी खोलीवर मागवलेले अन्न उरले तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर टेबलावर राहिलेले अन्न सकाळी कोणीही खाऊ नये.

मद्य घेणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की साधारण दहा ग्रॅम मद्यार्क, म्हणजे एक लहान पेग, पचवायला शरीराला अंदाजे एक तास लागतो आणि कडक कॉफीने किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने हा वेग वाढत नाही. सारख्याच वजनाच्या पुरुषापेक्षा स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते, त्यामुळे तेवढ्याच मद्याने रक्तातले प्रमाण अधिक चढते. गच्चीवरचा बार जेवणाच्या आधी, रिकाम्या पोटी ठेवण्यात हाच धोका आहे. तो जेवणानंतर न्या, किंवा तिथे पेयांबरोबर खायलाही मागवा. आणि मद्य न घेणाऱ्या तिघींसमोर नुसते पाण्याचे ग्लास येऊ नयेत. त्यांच्यासाठीही काही खास पेय आहे का, ते मेन्यूत पाहूनच बार निवडा.

चकोरी :

सर्वांचे मनापासून आभार. नाश्ता आणि चहा-केक रद्द केले, स्वयंपाकवर्गाची चौकशी सुरू केली आणि प्रत्येकीला खर्चाबद्दल स्वतंत्र निरोप पाठवले. आता एकच शंका उरली आहे. ऑफिसच्या मैत्रिणींना नवरीचे जुने किस्से, जुनी प्रेमप्रकरणे वगैरेंवर आधारित प्रश्नमंजूषा करायची आहे आणि नवरीला काहीही न सांगता तो कार्यक्रम करण्याचा त्यांचा हट्ट आहे. नणंदेसमोर हे कितपत योग्य ठरेल? शिवाय त्यांना सगळ्याचे फोटो लगेच टाकायचे आहेत.

दुपारची झोप :

माझे मत स्पष्ट आहे : जुनी प्रेमप्रकरणे नकोत. नणंद कितीही मोकळ्या स्वभावाची असली तरी तिला ते ऐकायला लावणे म्हणजे नवरीबरोबर तिलाही कात्रीत पकडणे आहे, कारण घरी गेल्यावर 'काय काय केले?' हा प्रश्न तिलाच विचारला जाणार. नवरीला खेळ कोणता हे सांगू नका, पण कोणते विषय वर्ज्य आहेत हे तिच्याकडून आधी जरूर विचारून घ्या. त्यामुळे आश्चर्यही टिकते आणि तिला धास्तीही राहत नाही. प्रश्नमंजूषेची दिशा उलटी करता आली तर आणखी बरे. प्रत्येकीने नवरीशी पहिली भेट कशी झाली ते नाव न घालता चिठ्ठीवर लिहावे आणि कोणाची चिठ्ठी कोणती ते बाकीच्यांनी ओळखावे. यात नणंदेकडेही सांगण्यासारखी गोष्ट असते, आणि शाळेच्या मैत्रिणींचे पारडे आपोआप जड होत नाही.

फोटोंबाबत नियम एका ओळीत लिहून पाठवा : रविवारी घरी पोहोचेपर्यंत कोणीही काहीही टाकायचे नाही, आणि नंतरही नवरीने निवडलेलेच टाकायचे. गरोदर मैत्रिणीने आपली बातमी अजून सर्वांना सांगितली आहे का, हेही तपासून घ्या. अशी बातमी एखाद्या फोटोतून बाहेर पडली तर ती परत घेता येत नाही.

तराजू :

वरच्या सूचनेला एक पुरवणी जोडतो. फोटोंचा नियम आणि वर्गणीचा आकडा एकाच निरोपात पाठवू नका. लोक आकडा वाचतात आणि उरलेले वाचतच नाहीत.