मदत हवी आहे: ‘साप’चा ‘ताप’ होतो. “जागा बरोबर, रीत वेगळी” म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी,

माझी लेक साडेपाच वर्षांची आहे. बोलायला लवकर लागली, दिवसभर बडबडते, पण स काही तिच्या तोंडून निघत नाही. साप म्हणजे ताप, ससा म्हणजे तता. श सुद्धा येत नाही, पण त्याचा त होत नाही, च होतो. शाळेला ती चाळा म्हणते. घरात आम्हाला सगळं कळतं, म्हणून इतके दिवस मनावर घेतलं नव्हतं. गेल्या महिन्यात खेळताना ती दुसऱ्या मुलांना ससा काढून मागत होती. चार वेळा “तता” म्हणाली, कुणालाच कळेना. मग ती गप्प झाली आणि खडू खाली ठेवून उठली. ते बघवलं नाही मला.

वाचा-उपचार तज्ज्ञांकडे नेलं. ऐकू नीट येतंय, हे तपासून झालं. त्या म्हणाल्या, “उच्चाराची जागा तिची बरोबर आहे, रीत बदलते. घर्षकाचा स्पर्श करते.” मी मान हलवली, पण घरी आल्यावर लक्षात आलं की मला यातलं काहीच समजलेलं नाही. पुढची वेळ तीन आठवड्यांनी आहे.

तोवर मी तिला रोज सांगतेय, “जिभेचं टोक वरच्या दातांना लाव आणि स म्हण.” ती बिचारी लावते, आणि परत त येतो. एक कोडं अजून आहे: चमचा हा शब्द ती अगदी स्वच्छ म्हणते. मग स मध्येच काय अडतंय?

कुणी मला हे तोंडात करून बघता येईल अशा पद्धतीने समजावेल का? व्याख्या नको आहेत, त्या वाचून झाल्या.

प्रतिसाद १

ताई, आधी ती दात लावायची सूचना थांबवा. जिभेचं टोक दातांना पक्कं टेकलं की हवा अडते, आणि हवा अडून सुटली की त होतो. तुम्ही सांगताय तेच ती करतेय. स साठी टोक जवळ न्यायचं पण टेकवायचं नाही.

आता रीत म्हणजे काय ते बघू. फुप्फुसातून हवा वर येते. तिला तोंडात कुठे गाठायचं ही झाली जागा, म्हणजे ओठ, दात, टाळू वगैरे. गाठल्यावर तिचं काय करायचं ही झाली रीत. पूर्ण कोंडून सोडायची? फटीतून घासत जाऊ द्यायची? नाकाकडे वळवायची? जिभेच्या कडांवरून काढायची? जागा तीच ठेवून नुसती रीत बदलली तरी व्यंजन बदलतं.

आत्ता बसल्या जागी करून बघा. त म्हणायच्या तयारीत थांबा, सोडू नका. तोंडात काहीच आवाज नाही, नुसता दाब. सोडलात की झालं. तो लांबवता येत नाही, कारण त चं सगळं अस्तित्व त्या अडवण्यात आणि सुटण्यात आहे. आता स म्हणा आणि श्वास पुरेल तितका चालू ठेवा. दहा-पंधरा सेकंद सहज जातील. लांबवता येणं आणि न येणं, हीच घर्षक (हवा घासत जाते तो) आणि स्पर्श (हवा अडून सुटते तो) ओळखायची सगळ्यात सोपी खूण.

परंपरेनेही हे फार बारकाईने पाहिलेलं आहे. संस्कृत व्याकरणात त-वर्ग, ल आणि स हे सगळे दंत्य, म्हणजे एकाच घरातले. वेगळेपणा प्रयत्नाचा: त ‘स्पृष्ट’, म्हणजे पूर्ण टेकलेला, ल ‘ईषत्स्पृष्ट’, म्हणजे जरासा टेकलेला, स ‘ईषद्विवृत’, म्हणजे जरासा उघडा. च आणि श हे दोघेही तालव्य, म्हणजे टाळूपाशी होणारे. आता तुमच्या लेकीकडे बघा. स चा त करते, श चा च करते. दोन्ही वेळा घर तेच, फक्त उघडं ठेवायचं दार बंद होतंय. तिचं चुकणं अगदी नियमाने चाललंय. मला तर हे वाचून तिचं कौतुक वाटलं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला एक दुरुस्ती. आजच्या मराठीत त आणि स ची जागा अगदी एक नाही. त ला टोक दातांच्या मागच्या बाजूला लागतं, स ची फट बहुतेकांच्या तोंडात किंचित वर, हिरडीपाशी असते. ताईंना त्याने फरक पडणार नाही, पण अभ्यास करणाऱ्या कुणी वाचलं तर म्हणून लिहिलं.

प्रतिसाद ३

नाकाची रीत मुलांना सर्वात लवकर पटते, म्हणून तिथून सुरुवात करून बघा. “म्म्म्म” असं गुणगुणायला सांगा आणि मध्येच नाक चिमटीत धरा. आवाज जागच्या जागी बंद पडतो. ओठ तर ब सारखेच मिटलेले असतात, पण हवा सगळी नाकातून जात असते, कारण मागचा मऊ टाळू खाली उतरलेला असतो. सर्दीत नाक चोंदलं की म चा ब ऐकू येतो तो यामुळेच. द-न आणि ड-ण या जोड्याही अशाच.

ल साठी दुसरी गंमत आहे. ल च्या स्थितीत जीभ तशीच ठेवून श्वास आत ओढा. जिभेच्या दोन्ही कडांना गार लागेल. हवा कुठून जाते ते जीभच सांगते. टोक टेकलेलं आणि कडा मोकळ्या, म्हणून तो पार्श्विक. त्याच जागी टोक टेकवून न ठेवता नुसतं एकदा झटकन लावून सोडलं की र. माझ्या पोराला हे गार लागणं इतकं आवडलं की आठवडाभर तेच चालू होतं.

धागाकर्ती

नाक धरायचा प्रयोग लगेच केला, खूप हसली. ल चा गारवा मलाच पहिल्यांदा कळला, इतकी वर्षं ल म्हणतेय! दात लावायचं सांगणं बंद केलं आहे. पण “टेकवू नकोस” म्हटलं की ती जीभ पार मागे नेते आणि काहीतरी ह सारखं येतं. आणि चमच्याचं कोडं अजून तसंच आहे.

प्रतिसाद ४

मी हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. मुलीला पाहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या तज्ज्ञांना विचारून मगच करा.

तुमचं कोडं हेच तुमचं उत्तर आहे. मराठीत च एक नाही, दोन आहेत. ‘चिमणी’तला च आणि ‘चमचा’तला च एकामागोमाग म्हणून बघा. पहिल्याला जिभेचा मधला भाग टाळूला लागतो. दुसऱ्याला टोक पुढे, दातांच्या मुळाशी जातं. ज चंही तसंच आहे: ‘जीव’ वेगळा, ‘जहाज’ वेगळं. ‘माझी’ आणि ‘माझा’ यांतला झ तर एकाच अक्षराने लिहितो आणि दोन तऱ्हांनी बोलतो. लिपी हा फरक दाखवत नाही, म्हणून आपल्यालाही तो आहे हे माहीत नसतं.

आता रीतीकडे या. च हा स्पर्शघर्षक. सुरुवातीला हवा पूर्ण अडते, त सारखी. पण सुटताना ती एकदम सुटत नाही. जीभ जराशीच खाली येते, फट राहते आणि त्या फटीतून हवा घासत जाते. चमच्यातल्या च चं पोट फाडून बघितलं तर आत आधी त आणि लगेच स सापडतो. म्हणजे तुमची लेक स रोज म्हणतेय, फक्त त च्या पाठीला चिकटलेला. तो सुटा करायचाय.

मी असं करते. मुलाला चमच्यातला च नुसता म्हणायला लावते, पुढे स्वर न जोडता. मग शेपूट लांबव म्हणते: “च्स्स्स्स्स”. तळहात तोंडासमोर धरायचा. त ला हवेची एक थाप लागते, स ला बारीक गार धार लागते आणि लागतच राहते. मुलांना थाप आणि धार हे दोन शब्द फार पटकन समजतात, “जीभ इथे ठेव” पेक्षा कितीतरी लवकर. धार लांब झाली की “आता फक्त धार दे, थाप नको” म्हणायचं. ही पायरी कुणाला दोन दिवसांत जमते, कुणाला महिना लागतो. आरसा घेतलात तर एवढंच दाखवा की दात जवळ जवळ मिटलेले आहेत आणि जीभ बाहेर डोकावत नाही. आत जिभेच्या कडा वरच्या दाढांना टेकलेल्या असतात आणि मधोमध पन्हळ होते. ती धार तिथून वाहते आणि पुढच्या दातांवर आदळते, त्यामुळे स इतका धारदार ऐकू येतो. पन्हळीचं तिला सांगू नका, ते तुमच्यासाठी. मुलांना जिभेच्या मधल्या भागाचं भान नसतं. मोठ्यांनाही फारसं नसतं.

श चा विचार आत्ता करू नका. स सुटा झाला की ‘चिमणी’तल्या च ची शेपूट अशीच लांबवता येते, त्यातून श निघतो.

आणि एक मनापासून सांगते. तिने ताप म्हटलं की “असं नाही, साप म्हण” असं म्हणू नका. “हो गं, साप. केवढा मोठा साप!” असं तुम्ही नीट म्हणा आणि गोष्ट पुढे न्या. सराव दिवसातून पाच मिनिटं, वेगळा. बोलणं हे बोलणंच राहू द्या.

धागाकर्ती

सोळा दिवसांनी लिहितेय. तज्ज्ञांना फोन करून विचारलं, त्यांनी हो म्हटलं. पहिले चार दिवस नुसती थाप. पाचव्या दिवशी तिने आपला हात तोंडासमोर धरला, “च्स्स्स्स” केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, गार लागतंय.” मी शब्दच विसरले.

आता ‘बस’ आणि ‘पाऊस’ येतात. शेवटचा स ती हवा तितका ओढते. पण साप म्हणताना अजून त्साप होतो. शेवटी जमतो तर सुरुवातीला का नाही?

प्रतिसाद ४

वा! शेवटी जमला म्हणजे रीत हाताला लागली. सुरुवातीला स वरून आ वर जाताना तिची जीभ जुन्या सवयीने एकदा टेकते. मध्ये ह घाला. “स्स्स्स्स”, क्षणभर थांबा, मग “हाप”. ह ला जीभ कुठेच टेकवावी लागत नाही, त्यामुळे तोंड उघडंच राहतं. “स्स्स्स… हाप”, “स्स्स्… हाप”, मधली फट कमी करत आणा. ह आपोआप विरघळतो. ससा मात्र लगेच घेऊ नका, त्यात दोनदा आहे.

धागाकर्ती

ससा तिनेच घेतला. “स्स्स्हा… ता”. पहिला आला, दुसरा राहिला. चित्र काढून भिंतीला लावलंय, त्याच्याकडे बघत रोज रात्री म्हणते. पुढच्या भेटीत तज्ज्ञांना दाखवणार आहे.